खजुराची अंडी

नांदुऱ्यातल्या आमच्या गल्लीत ईस्टर यायचा तो लालसर अंड्यांमधून. शेजारच्या सिस्टरबाई सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या. ईस्टरच्या सकाळी कांद्याच्या सालींत उकडून रंगवलेली अंडी टोपलीत घेऊन त्या दारोदार फिरायच्या. अब्बांच्या पायाला मधुमेहाची जखम झाली, तेव्हा दोन महिने रोज संध्याकाळी येऊन त्यांनी पट्टी बदलली. पैशाचं नाव काढलं की रागवायच्या.

२०२४ साली ईस्टर ३१ मार्चला आला. रमजान चालू होता; त्या दिवशी विसावा रोजा. सिस्टरबाईंचे गुडघे पार गेलेले, मुलगा पुण्याला. माझी मुलगी म्हणाली, "अब्बू, यंदा त्यांना आपण अंडी देऊ या. चॉकलेटची."

अम्मीला ते आवडलं नाही. "रोजे में ये क्या चालू किया तूने?" रोजा हे निमित्त होतं, तिची खरी हरकत वेगळी होती आणि ती रास्त होती. येशू मरणातून उठले म्हणून ईस्टर. आपण हजरत ईसांना पैगंबर मानतो, पण ते सुळावर मेले असं मानत नाही. अल्लाहने त्यांना आपल्याकडे उचलून घेतलं, असं कुरआन सांगतं. मग जी गोष्ट घडलीच नाही असं आपण मानतो, तिचं गोडधोड आपल्या चुलीवर कसं? मी म्हणालो, "अम्मी, प्रार्थना त्यांची त्या करतील. आपण शेजारणीला खाऊ देतोय." ती गप्प बसली. पटलं म्हणून नव्हे.

खरं तर ईस्टरच्या अंड्यांचं मूळही उपवासात आहे. जुन्या काळी ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासात अंडी वर्ज्य असत. कोंबड्या काही उपवास करत नाहीत, त्यामुळे अंडी साठत आणि ईस्टरला खाल्ली जात. चॉकलेटची अंडी फार नंतरची, एकोणिसाव्या शतकातली. इंग्लंडात ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीने १८७३ साली पोकळ चॉकलेट अंडं काढलं. उपवासानंतरच्या पहिल्या घासाची गोडी रोजेदाराला वेगळी काय समजवायची?

शनिवारी दुपारी आम्ही बापलेक कामाला लागलो. साधं दुधाचं चॉकलेट वितळवून गोल चमच्यांत ओतलं, फ्रीजमध्ये गार केलं. बाहेर काढून दोन अर्धुकं जोडेपर्यंत त्यांचा चिखल झाला. कोको बटर साधारण ३४ अंशांना वितळतं, म्हणून तर चॉकलेट तोंडात विरघळतं. नांदुऱ्याच्या उन्हाळ्यात ते ताटातच विरघळलं. मुलगी रडवेली झाली.

तेवढ्यात अम्मी आतून इफ्तारचा खजुराचा डबा घेऊन आली. "ये भी तो अंडे जैसाच है," एवढं बोलून डबा ठेवला आणि गेली.

मग मी बाजारातून पाव किलो डार्क कंपाउंड आणलं. त्यात कोको बटरऐवजी वनस्पती तूप असतं, म्हणून ते उन्हात जरा जास्त तग धरतं. वेष्टनावरचा हिरवा ठिपका आणि घटकांची यादी पाहून घेतली. जिलेटिनची शंका नको. तीसेक खजुरांच्या बिया काढून प्रत्येकात दोन भाजलेले शेंगदाणे भरले आणि तोंड दाबून बंद केलं. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर, पाण्याला टेकणार नाही असं, कोरडं भांडं ठेवून चॉकलेट वितळवलं. पाण्याचा थेंब पडला तर त्याचा रवाळ गोळा होतो. काट्याने एकेक खजूर बुडवून तेल लावलेल्या ताटात मांडला आणि पंधरा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवला. चव मुलीने पाहिली. तिचा रोजा नव्हता.

रविवारी सकाळी आम्ही ताट घेऊन गेलो. सिस्टरबाईंनी एक खजूर उचलून चावला. "अगं, आत खजूर!"

मुलगी म्हणाली, "सिस्टरआज्जी, मरियमबीबीला ईसांच्या वेळी कळा लागल्या ना, तेव्हा ती खजुराच्या झाडाखाली होती. अल्लाहने तिला खजूर दिले." सूरह मरियममधली ही गोष्ट तिला तिच्या दादीने सांगितली होती.

सिस्टरबाई जरा थांबल्या. "आमच्या बायबलात गव्हाणी आहे बाळा, खजूर नाही." मग दुसरा उचलत म्हणाल्या, "पण बाळंतिणीला खजूर द्यावाच. जन्मभर बाळंतपणं केली मी, मला विचार."

ना त्यांनी आमचं मानलं, ना आम्ही त्यांचं. पण ज्या मायलेकरांबद्दल आमचं जमत नाही, त्यांच्यावर माया दोन्ही घरांची आहे, हे त्या ताटाशी बसून मला पहिल्यांदा नीट कळलं.

मगरिबच्या थोडं आधी त्यांची कामवाली ताट परत घेऊन आली. रिकामं ताट परत करायचं नाही, ही रीत त्यांनी कधी मोडली नव्हती. रुमालाखाली सात लालसर अंडी होती. खुर्चीत बसून रंगवलेली. अजान झाली. अम्मीने खजुराने रोजा सोडला, मग एक अंडं घेतलं आणि हळूहळू सोलायला लागली.