बंद शाळेची पाच वर्षं

7 एप्रिल 2025, न्यू जर्सी
अकरावीचा वर्ग. 1950चं दशक सुरू केलं. शीतयुद्ध, उपनगरं, टीव्ही, नागरी हक्क. तासिका पाच.

8 एप्रिल
ब्राउन खटला, गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या वेगळ्या शाळांविरुद्धचा. निकाल 17 मे 1954, नऊही न्यायाधीश एकमताने. मुलांनी तारीख उतरवून घेतली, वह्या मिटल्या. शिकवल्यासारखं वाटलं नाही.

9 एप्रिल
पुस्तक बाजूला ठेवलं. फार्मव्हिल, व्हर्जिनिया. मोटन हायस्कूल, फक्त कृष्णवर्णीय मुलांचं. बांधलं 180 मुलांसाठी, शिकत होती साडेचारशेवर. जादा वर्ग डांबरी कागद ठोकलेल्या खोपटांत. छप्पर गळकं. बार्बरा जॉन्स, वय 16. 23 एप्रिल 1951 ला मुख्याध्यापकांना फोनवर खोटा निरोप धाडून बाहेर काढलं, सगळी शाळा सभागृहात गोळा केली, संप पुकारला. मागणी एवढीच, नवी इमारत. मुलांनी वकिलांकडे मदत मागितली. ते म्हणाले, वेगळ्या शाळांविरुद्धच लढणार असाल तर खटला घेतो. ब्राउनमधल्या पाच खटल्यांपैकी हा एक.
मागच्या बाकावरचा मुलगा पुटपुटला, "सोळा?" वर्गातली बहुतेक मुलं सोळाचीच.

10 एप्रिल
पुढचं सांगितलं. कोर्टाने एकत्र शाळांचा आदेश दिला, तर फार्मव्हिल ज्यात येतं त्या प्रिन्स एडवर्ड काउंटीने 1959 साली सगळ्या सरकारी शाळाच बंद केल्या. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाली. बाकीच्यांना काही नाही. 1964 पर्यंत.
त्याच मुलाने विचारलं, "पाच वर्षं ती मुलं काय करत होती?"
काही परगावी नातेवाइकांकडे गेली. काही चर्चच्या तळघरात थोडंफार शिकली. काही शेतात राबली. बरीच परत शाळेत आलीच नाहीत.
घंटा झाली. कुणी लगेच उठलं नाही.

11 एप्रिल
एका मराठी विद्यार्थिनीच्या वडिलांचा फोन. "ताई, परीक्षेत हे एवढं येतं का? आपला काय संबंध याच्याशी?" नीट बोलता आलं नाही. दिवसभर तेच डोक्यात.

12 एप्रिल
आईला फोन. साताऱ्याला पहाटेचे पाच, ती उठलेलीच. तिची शाळा चौथीनंतर सुटली. गावात पुढचा वर्ग नव्हता. फार्मव्हिलचं सांगितलं. बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "आणि बाई, शाळा उघडल्यावर त्यांना कुठल्या वर्गात बसवलं गं?"

14 एप्रिल
सुट्टी. आंबेडकर जयंती. 1946 साली बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा संयुक्त राष्ट्रांकडचा अर्ज त्यांना वाचायला हवा होता. संबंध त्यांनी तेव्हाच ओळखला होता.
त्या वडिलांना संध्याकाळी फोन केला. 1965 पूर्वी भारतीयांना इथे वर्षाला जेमतेम शंभर जागा. ती दारं उघडली 1965च्या स्थलांतर कायद्याने, आणि तो आला नागरी हक्कांच्या लढ्याच्या लाटेत. "तुम्ही-मी त्या वाटेने इथे आलो," म्हटलं. ते म्हणाले, "हे मला कुणी शिकवलं नव्हतं."

22 एप्रिल
शीतयुद्ध एका तासिकेत आटोपलं. अभ्यासक्रम मागे पडलाय. काळजी आहे.

23 एप्रिल
संपाला आज 74 वर्षं. फळ्यावर आईचा प्रश्न लिहिला. मुलं हिशोब करत बसली.
1959 साली पहिलीत जाणारं सहा वर्षांचं मूल, 1964 साली शाळा उघडली तेव्हा अकरा वर्षांचं होतं.