जुन्या मोटारीचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार म्हटला की देवळे आणि वाडे डोळ्यांपुढे येतात. परंतु मोटारीचाही जीर्णोद्धार होतो, हे मी माझ्या पुतण्याच्या पडवीत पाहिले. त्याने भंगारात निघालेली एक एम. जी. टी. सी. मोटार घरी आणली होती. इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डन येथे १९४५ ते १९४९ या काळात ही दोन आसनांची शर्यती थाटाची मोटार तयार होत असे. तिचे इंजिन १२५० घन सेंटिमीटरचे, चाके तारांच्या आऱ्यांची. आणि नवल असे की, अंगावरच्या पत्र्याखाली सांगाडा लाकडाचा!

पुतण्याने सुटा केलेल्या प्रत्येक भागाला चिठ्ठी बांधली, नट-बोल्ट निरनिराळ्या डब्यांत ठेवले. पत्रा काढताच दाराजवळचा खांब कुजलेला दिसला. तो उतावीळपणे म्हणाला, “काका, सगळा सांगाडाच नवा करू या.”

शेजारी बसलेल्या वृद्ध सुतारांनी पटाशीच्या टोकाने लाकूड टोचून पाहिले व म्हणाले, “कुजले तेवढेच काढायचे. सगळेच बदलले, तर मग जुने काय उरले?”

त्यांनी खराब भाग कापून तेथे नवा तुकडा असा बसविला की, बोट फिरवूनही सांधा कळेना. त्या एका खांबाला आठ दिवस लागले.

नवी वस्तू पैसे देऊन घरी आणता येते. जुनी जगवायची, तर पैशाबरोबर धीर हवा आणि तिच्या पहिल्या कारागिराविषयी आदरही हवा. काय टाकावे हे चटकन सुचते. काय राखावे हे मात्र शिकावे लागते.