मिरजेला गेलात तर सतारमेकर गल्लीत जा

मैत्रिणींनो, मिरजेला तुम्ही गेला असाल ते बहुधा गाडी बदलायला, नाहीतर घरातल्या कुणाला दवाखान्यात दाखवायला. मीही एवढीच मिरज पाहिलेली. गेल्या हिवाळ्यात मात्र लेकीची सतार मांडीवर घेऊन साताऱ्याहून कोयना एक्स्प्रेसनं निघाले (साताऱ्याची सतार म्हणून डब्यात थट्टाही झाली!) आणि मिरजेचा वेगळाच चेहरा दिसला.

कारण सांगते. लेक बारा वर्षं सतार शिकते आहे. एका स्पर्धेत पहिली आली, तशी एका मोठ्या शहरातल्या वाद्यांच्या दुकानाकडून बोलावणं आलं. नवी कोरी सतार फुकट! बदल्यात कार्यक्रमात दुकानाच्या नावाचा फलक लावायचा. आम्ही हरखून गेलो. सहीचा कागद आला तेव्हा ह्यांनी चष्मा लावून सगळा वाचला. तीन वर्षं दुसऱ्या कुणाचं वाद्य लोकांपुढे वाजवायचं नाही, फोटो त्यांनी हवे तिथे छापायचे, आणि सतार शेवटी त्यांचीच! त्यात ती सतार वाजायला बसकी. लेक म्हणाली, "आई, ही माझी आवडती सतार आहे असं मी कसं सांगू?" सही करावी की नाही, ते ठरेना. तिचे गुरुजी म्हणाले, "आधी मिरजेला जाऊन या. जुन्या सतारीची जवारीही काढायला झालीच आहे."

स्टेशनवरून रिक्षावाल्याला नुसतं 'सतारमेकर गल्ली' म्हणा, पुरे. गल्ली अरुंद. दारादारांत वाळलेले भोपळे टांगलेले, कुठे तुणीच्या लाकडाचा भुसा, कुठे लाखेचा वास. भोपळे येतात सोलापूर जिल्ह्यातून, पंढरपूर-मंगळवेढ्याकडून. कडू जात, आपल्या भाजीच्या उपयोगाची नाही! बायकांच्या तंबोऱ्याचा भोपळा लहान, पुरुषांचा मोठा, म्हणून तंबोरा सांगताना तुमची पट्टी आधी विचारतात.

हे काम करणारी घराणी मूळची शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारी. इंग्रजांचं राज्य आलं, हत्यारं थंडावली. तेव्हा, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला, फरीदसाहेबांनी हात तंतुवाद्यांकडे वळवला. गावात पटवर्धन संस्थानिकांमुळे गाण्याची ये-जा होतीच. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे विष्णु दिगंबर पलुस्कर शिकले ते ह्याच गावात. पुढे अब्दुल करीम खाँसाहेब इथे राहिले. १९३७ साली ते गेले, त्यांची कबर इथल्या मीरासाहेबांच्या दर्ग्यात आहे. त्यांच्या कन्या हिराबाई बडोदेकर जन्मल्या त्याही मिरजेतच. असे कान दारात, म्हणून कारागिरांचे हात तयार झाले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे आता कुठलीही सतार 'मिरजेची' म्हणून विकता यायची नाही.

आम्ही गेलो त्या दुकानात भिंतभर गवयांचे, वादकांचे फोटो. लेकीनं सरळ विचारलं, "चाचा, ह्यांना तुम्ही वाद्यं फुकट दिलीत का हो?"

चाचा घोडीवर कानस फिरवत होते. जवारीचं काम फार नाजूक बरं का! तार घोडीला कुठे नि किती टेकते, त्यावर सगळी गुंज. केसाएवढी जास्त घासली की आवाज मेला. तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा घासायचं. त्या नादात ते म्हणाले, "फुकट? नाही बेटी. ह्यांनी दाम दिले, वर शिव्याही दिल्या. ही तार बोलत नाही, ही पडदा सोडते, असं येऊन सांगायचे. ऐकून ऐकून आमचा हात सुधारला. मग ज्याचं वाजवणं माहीत झालं, त्याच्यासाठी चांगलं लाकूड बाजूला ठेवायचं."

तबल्याचंही तसंच. झाकीर हुसेन २०२४ च्या डिसेंबरात गेले. त्यांचे तबले पुष्कळ वर्षं करणारे हरिदास व्हटकर मूळचे ह्याच मिरजेचे.

घरी आल्यावर लेकीनं परदेशातलं शोधून काढलं. तिथे कंपन्या रीतसर करार करतात. पण सुरुवातीला मिळते ती बहुधा सवलत. फुकट वाद्य आणि आपल्या नावाची गिटार हे फार थोड्यांच्या वाट्याला. अमेरिकेतल्या लेस पॉलनं लाकडाच्या ओंडक्यावर गिटार करून गिब्सन कंपनीला दाखवली, तेव्हा म्हणे ते हसले होते. त्याच्या रेकॉर्डी घरोघरी वाजू लागल्या आणि १९५२ साली त्यांनीच त्याच्या नावाची गिटार काढली. एरिक क्लॅप्टननं तर फेंडरच्या जुन्या गिटारींचे चांगले चांगले भाग एकत्र करून आपली एक जुळवली आणि वर्षानुवर्षं तीच वाजवली. फेंडरनं त्याच्या नावाची गिटार काढली ती १९८८ साली. म्हणजे वाजवणं आधी, नाव मागाहून.

तुमच्या घरी कुणी शिकत असेल तर एवढं ध्यानात घ्या. वाद्य करणाऱ्याकडे मागायला जाण्याआधी त्याचंच वाद्य दोन-चार वर्षं वाजवलेलं असावं. कार्यक्रम कुठे कुठे झाले त्याची नोंद आणि एखादं स्वच्छ ध्वनिमुद्रण जवळ असावं. आणि आपल्यामुळे आणखी दोघी-तिघी त्याच्याकडे आल्या असतील तर वेगळी शिफारस लागत नाही. कागद आला तर वाद्य कुणाचं, दुरुस्ती कुणाच्या खर्चानं, मुदत किती आणि मधेच सोडता येतं का, हे विचारल्याशिवाय सही नको. विचारायला लाजू नका. भाजीवालीशी घासाघीस करतोच ना आपण!

आमचा कागद आम्ही परत पाठवला. दुकानदार थोडे रागावले. लेकही दोन दिवस गप्प होती. नव्या सतारीचा मोह कुणाला नसतो?

पण त्या दिवशी मिरजेला जवारी झाल्यावर चाचांनी सतार तिच्या हाती दिली होती. ती यमन वाजवायला बसली. शेजारच्या दुकानातला पोरगा कानस खाली ठेवून दारात येऊन उभा राहिला. चाचांनी सगळं ऐकलं, मग म्हणाले, "तिसऱ्या पडद्यावर तू बोट जड टाकतेस." जवारीचे पैसे पुरते घेतले, एक पैसा सोडला नाही. आणि आम्ही निघताना वहीत तिचं नाव लिहून घेतलं. पुढे काय लिहिलं ते उर्दूत होतं, मला वाचता आलं नाही.

आता पावसाळा सरला की पुन्हा दाखवायला बोलावलंय. दमट हवेत भोपळा आणि लाकूड कसं राहतं, ते त्यांना बघायचं आहे.