धरणातील रिकामी जागा

पेण तालुक्यातील गागोदे बुद्रुक हे आचार्य विनोबा भावे यांचे जन्मगाव. ११ सप्टेंबर १८९५ रोजी ते येथे जन्मले. कुरआन मुळातून समजावा म्हणून अरबी शिकलेल्या या माणसाचे गाव आमच्या उर्दू शाळेतील मुलांनी पाहावे, यासाठी आम्ही सहल नेली. त्याच फेरीत तालुक्यातील हेटवणे धरणही दाखवले. धरण काठोकाठ भरले होते, दरवाजांतून पाणी सुटत होते. सातवीतील एका मुलीने विचारले, "मॅडम, मे महिन्यात आमच्याकडे टँकर येतो. मग आत्ता हे पाणी सोडून का देतात?"

तिला सांगितले, की भरलेल्या धरणात जेवढे पाणी येईल तेवढे सोडावेच लागते, नाहीतर भिंतीला धोका. पण तिचे समाधान झाले नाही. माझेही झाले नाही, कारण हा वाद आमच्या घरातलाच आहे.

अम्मी खारेपाटात राहते. जवळ खाडी, म्हणून विहिरीचे पाणी मचूळ. पावसाळ्यात अंगणात चिखल आणि एप्रिल-मेमध्ये दाराशी पिंप, हंडे, बादल्यांची रांग. हेटवणेचे पाणी नवी मुंबईपर्यंत पोहोचते, खारेपाटातील गावांना मात्र पिण्याच्या पाण्यासाठी वर्षानुवर्षे आंदोलने करावी लागली. अम्मीचे म्हणणे एकच, "थेंबभरही सोडू नका."

माझी आपा सांगलीला दिली आहे. तिथे आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. आपाने मुलांना घेऊन वरच्या मजल्यावर दिवस काढले. खाली धान्य, गाद्या, मुलांची पुस्तके सगळे गेले. वरच्या बाजूला १०५ टीएमसी क्षमतेचे कोयना धरण. धरणे लवकर भरली का, यावर तेव्हा मोठा वाद झाला आणि सरकारने वडनेरे समिती नेमली. आपा अजून म्हणते, "पावसाळ्यात धरणात जागा ठेवायला काय होते?"

दोघींचेही बरोबर आहे. टंचाई टाळायची तर धरण भरलेले हवे, पूर अडवायचा तर त्यात रिकामी जागा हवी. हा मेळ घालण्यासाठी मोठ्या धरणांना वेळापत्रक असते. त्याला जलाशय परिचालन सूची म्हणतात. जुलैअखेर किती साठा, ऑगस्टअखेर किती, हे त्यात ठरलेले असते. धरण टप्प्याटप्प्याने भरायचे आणि पाऊस संपता संपता पूर्ण करायचे.

अडचण अशी, की हे वेळापत्रक मागच्या अनेक वर्षांच्या पावसावर बेतलेले असते आणि पाऊस आता तसा राहिलेला नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. उलट २०२३ चा ऑगस्ट हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. पाऊस सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी. जुलैअखेर पुराच्या भीतीने पाणी सोडले आणि पुढचा महिना असा गेला, तर अम्मीची पिंपे भरायची कोणी?

हजरत यूसुफ (अलै.) यांनी सुकाळाच्या सात वर्षांत दुष्काळाच्या सात वर्षांची तरतूद केली, हा किस्सा आपल्या घरांत मुलांना सांगितला जातो. आज सुकाळ आणि दुष्काळ एकाच पावसाळ्यात, कधी एकाच महिन्यात येतात. तरतूद करायची तर आधी कळायला हवे. म्हणून जुन्या तक्त्याइतकेच महत्त्व पुढील काही दिवसांच्या हवामान अंदाजाला द्यायला हवे. मोठा पाऊस येणार असे दिसताच पाणी आधीच, हळूहळू सोडावे आणि खालच्या गावांना वेळेत कळवावे. रात्री अचानक सोडलेल्या पाण्याने माणसे घाबरतात, तेच आदल्या दिवशी कळले तर सामान वर चढवता येते.

दुसरी गोष्ट, सगळा भार एका धरणावर टाकू नये. गाळाने भरलेले गावतलाव उपसले, जुन्या विहिरी साफ केल्या, छपरावरचे पाणी टाकीत उतरवले, तर धरणात पुरासाठी थोडी जागा ठेवणे परवडते. कोकणात चार महिन्यांत हजारो मिलिमीटर पाऊस पडतो. मशिदीच्या आणि शाळेच्या छपरावर पडणारे पाणी आपण गटारात सोडतो आणि मेमध्ये टँकरसाठी वर्गणी काढतो. वाहत्या नदीकाठी वजू करतानाही पाणी वाया घालवू नये, अशी शिकवण असलेल्या समाजाला हे शोभत नाही.

पाणी ही अमानत आहे. अमानत नुसती साठवून भागत नाही, ज्याची त्याला वेळेवर पोहोचवावी लागते. सांगलीच्या आपाला वेळेवर मिळालेली सूचना आणि खारेपाटातील अम्मीला मेमध्ये मिळालेला हंडा, दोन्ही त्याच हिशेबात धरायला हवेत.