ऐकणाऱ्याचा चेहरा

दोन मित्रांचा प्रसंग संकलनाला आला की मी बोलणाऱ्याचे टेक बाजूला ठेवते आणि आधी गप्प बसलेल्याचे बघते. ही सवय मला मार्टिन स्कॉर्सेसींच्या ‘मीन स्ट्रीट्स’ने (१९७३) लावली.

गोष्ट न्यूयॉर्कच्या लिटिल इटलीतली, जरी बरंचसं चित्रीकरण लॉस एंजेलिसमध्ये झालं असलं तरी. चार्ली (हार्वी कायटेल) माफियातल्या वजनदार नातेवाइकाच्या आधाराने वर चढू पाहणारा आणि पापाच्या धाकात जगणारा. जॉनी बॉय (रॉबर्ट डी नीरो) दिसेल त्याच्याकडून उसने घेतो आणि परत कुणालाच करत नाही. सावकार मायकेल तगादा लावतो आणि चार्ली दर वेळी मध्ये पडतो.

बारच्या मागच्या खोलीत चार्ली जॉनीला पैशांचा जाब विचारतो. जॉनी थापांवर थापा मारतो, एकीतून दुसरी निघते. बरीचशी बोलणी नटांनी उत्स्फूर्तपणे रचलेली. असा प्रसंग कापणं फार जिकिरीचं. टेकगणिक शब्द बदलतात, हातवारे जुळत नाहीत, दोघं एकमेकांच्या वाक्यावर चढतात. मग अडखळणं काढावं, तीच ती वाक्यं गाळावीत, प्रसंग चटपटीत करावा असा मोह होतो. पण मैत्री त्या अडखळण्यातच असते! सगळी गंमत जॉनीच्या तोंडी असली तरी प्रसंग चालतो चार्लीवर. एकही शब्द पटत नसताना, चिडूनसुद्धा, तो पुढची थाप ऐकायला थांबतो. हे थांबणं नीटनेटक्या कापाकापीत पहिलं मरतं.

श्रेयनामावलीत संकलक म्हणून सिडनी लेव्हिन यांचं नाव आहे, पण संकलनात स्कॉर्सेसींचा स्वतःचा हात मोठा होता. ज्या गल्लीत आपण वाढलो, तिथलं बोलणं किती वेळ चालू द्यायचं हे त्यांना ठाऊक असणारच.

जॉनीला वाचवणं हे चार्लीचं प्रायश्चित्त आहे, असं नेहमी म्हटलं जातं. ते खरंच आहे. तो स्वतः असिसीच्या संत फ्रान्सिसचा दाखला देतो. पण तेरेसाचं काय? ती जॉनीच्या नात्यातली बहीण आणि चार्लीची प्रेयसी, तिला अपस्माराचा आजार. भांडणाच्या भरात तिला झटका येतो, जॉनी निघून जातो आणि चार्ली तिला शेजारणीच्या हवाली करून त्याच्यामागे धावतो. हे पाहिलं की चार्लीच्या दयेत मला हट्टही दिसतो, आणि त्या हट्टाची किंमत तेरेसा मोजते. शेवटी गाडीवर गोळ्या झाडल्या जातात तेव्हा तीही त्याच गाडीत असते.

म्हणून अशा भांडणात खोलीत तिसरं माणूस असेल, तर त्याचेही सगळे टेक मी मागवून घेते.