पाणी तापले, हे कोणी सांगायचे?

पाण्याच्या उष्णतेविषयी मराठी जितकी श्रीमंत आहे, तितकीच ती आकड्यांविषयी उदासीन आहे. गार, कोमट, ऊन, कढत, उकळते अशी एक चढती भाजणी आपल्यापाशी आहे. चहासाठी ठेवायचे ते आधण. आणि बंबातले कढत पाणी घंगाळात काढून ते अंगाला सोसेल असे व्हावे म्हणून त्यात जे गार पाणी घालायचे, त्याला तर 'विसण' असा स्वतंत्र शब्द आहे. विसण किती घालायचे, याचे माप कोठे लिहिलेले नाही. घरातली बाई पाण्यात बोटे बुडवते आणि 'झालं' म्हणते. त्या एका शब्दात तापमापक, निर्णय आणि जबाबदारी ही तिन्ही सामावलेली असतात.

या शब्दांचा विचार करण्याचे निमित्त मात्र बंब नव्हे, तर भांडी धुण्याचे यंत्र. २०२० च्या टाळेबंदीत पुण्यातल्या आमच्यासारख्या अनेक मध्यमवर्गीय घरांत हे यंत्र आले, तसे ते आमच्याकडेही आले. वस्तू तशी नवी नव्हे. जोसेफिन कॉक्रेन या अमेरिकन बाईंनी अशा यंत्राचे पेटंट १८८६ सालीच मिळवले होते आणि १८९३ च्या शिकागोतील जागतिक प्रदर्शनात ते मांडलेही होते. आम्ही दोघेही मराठी शिकवणारे. यंत्राच्या पोटात काय चालते याची चौकशी करण्याचा प्रसंग आम्हांवर एरवी आला नसता. परंतु गेल्या वर्षी कढईचा तेलकटपणा जाईना, वाटीच्या कडेला तुपाचा थर तसाच राहू लागला आणि साबणाच्या पुडीचा अर्धा भाग न विरघळता खणात चिकटून बसू लागला. आमची रोजची धुलाई ५० अंशांची. तिच्या मध्यावर दार किंचित उघडून पाहिले तर पाणी गारच. ६५ अंशांची धुलाई लावली तर पाणी जेमतेम कोमट. पडद्यावर दोषाचा कोणताही संकेत नव्हता. यंत्राच्या मते सारे सुरळीत होते.

ज्या कंपनीचे यंत्र, तिच्या सेवा केंद्राने दूरध्वनीवरच निदान केले : हीटर गेला, बदलावा लागेल. पाणी तापत नाही, तापवण्याचे काम हीटरचे, सबब हीटर दोषी. हा युक्तिवाद वरवर निर्दोष वाटतो. आमच्या पेठेतल्या ज्या तरुण कारागिराला आम्ही बोलावले, त्याने मात्र तो मान्य केला नाही. "सर, हीटर पूर्ण गेला असता तर पासष्टवरसुद्धा पाणी कोमट झालं नसतं," तो म्हणाला. लक्षणांतली ही विसंगती आमच्या डोळ्यांसमोर होती. तिचा अर्थ त्याने लावला.

पाणी न तापण्याची कारणे अनेक असतात, हे त्याने काम करता करता आम्हांला समजावून सांगितले. हीटरची तार तुटलेली असेल. हीटरला वीज सोडणारा फलकावरचा रिले निकामी झाला असेल. पाणी पुरेसे भरत नसेल किंवा पंपातून नीट वाहत नसेल, तर कोरडा हीटर जळू नये म्हणून यंत्र त्याला वीजच देत नाही. अतितापापासून संरक्षण करणारा कटआउट उडालेला असेल. शिवाय बोअरवेलचे जड पाणी तापले की त्यातला क्षार हीटरवर आणि संवेदकावर बसतो. क्षाराचा थर उष्णता अडवतो. हीटर आतल्या आत अधिक तापून लवकर मरतो आणि संवेदकाला पाण्याची खबर उशिरा लागते. यासाठीच यंत्रात मीठ घालावयाचे असते. ते भांड्यांसाठी नव्हे, तर पाण्यातला कॅल्शियम धरून ठेवणाऱ्या रेझिनला पुन्हा ताजे करण्यासाठी.

प्लग काढून, खालचे पत्रे सोडवून त्याने प्रथम हीटरच्या दोन टोकांना मल्टिमीटर लावला. २३० व्होल्टांवर सुमारे १८०० वॅटचा हीटर. त्याचा रोध २९ ओहमांच्या आसपास यावयास हवा. तो तसाच आला. म्हणजे ज्याला फाशी सुनावली होती तो आरोपी निर्दोष होता. मग त्याने संवेदकाचे टोक सोडवले. हा संवेदक म्हणजे थर्मिस्टर : तापमान वाढले की ज्याचा रोध घटतो असा मण्याएवढा घटक. उष्णतेने रोध घटण्याचा हा गुण मायकेल फॅरेडे यांनी सिल्व्हर सल्फाइडमध्ये १८३३ सालीच पाहिला होता. आमच्या यंत्रातल्या थर्मिस्टरचा रोध २५ अंशांना १० हजार ओहम आणि ५५ अंशांना सुमारे ३ हजार ओहम असावा, असे कारागिराजवळच्या तक्त्यात होते. स्वयंपाकघरात त्या वेळी २७ अंश तापमान होते. मल्टिमीटरने आकडा दाखवला २९००.

"मशीनला वाटतंय, पाणी आधीच पंचावन्नच्या वर गेलंय. मग ते कशाला तापवेल?" कारागीर म्हणाला.

सगळा उलगडा एका वाक्यात झाला. ५० अंशांच्या धुलाईत यंत्राच्या समजुतीप्रमाणे पाणी पहिल्या क्षणापासून तापलेलेच होते, म्हणून हीटर एकदाही लागला नाही. ६५ च्या धुलाईत ते थोडे तापवून लगेच थांबत होते. संवेदकाची तार पुरती तुटली असती, तर यंत्राने दोषाचा संकेत दिला असता, कारण अशक्य आकडा त्याला ओळखता येतो. शक्य कोटीतला पण चुकीचा आकडा मात्र त्याला ओळखता येत नाही. संवेदकाच्या आवरणात ओल शिरली असावी, असे कारागिराचे मत पडले. नवा संवेदक बसवण्याआधी त्याने तो पेल्यातल्या ऊन पाण्यात बुडवला, शेजारी तापमापक धरला आणि रोध तक्त्याप्रमाणे उतरतो की नाही ते पाहिले. साक्षीदाराची उलटतपासणी झाल्याखेरीज त्याने त्याला पिंजऱ्यात उभे केले नाही.

हे सारे आई खुर्चीवर बसून पाहत होती. ती आमच्यापैकी एकीची आई आणि दुसऱ्याची सासू. वय शहात्तर, मधुमेह वीस वर्षांचा. कारागिराचे बोलणे ऐकून ती म्हणाली, "म्हणजे त्याचंही माझ्यासारखंच झालं की रे बाळा."

कारागीर हसला. आम्हांला हसता आले नाही. त्याआधीच्या हिवाळ्यात आई वाईच्या घरी गेली होती. तेथे अजून बंब आहे. आयुष्यभर सगळ्यांच्या आंघोळीचे पाणी तिनेच विसणलेले. त्या दिवशी तिने स्वतःचे पाणी काढले, बोटे बुडवली, 'झालं' म्हणाली आणि पाय घंगाळात ठेवले. पावलावरचा फोड दुसऱ्या दिवशी मोजा घालताना दुसऱ्या कोणाला दिसला. तिला दुखलेच नव्हते. दीर्घकाळच्या मधुमेहाने पावलांच्या आणि पुढे बोटांच्याही मज्जातंतूंची संवेदना मंदावते. डॉक्टरांनी ट्यूनिंग फोर्क पायाला टेकवून आणि नायलॉनचा बारीक तंतू तळव्याला लावून ते आम्हांला दाखवले. जखम भरायला दोन महिने लागले. बोट गमावण्याची भीती त्या दोन महिन्यांत घरात कोणी शब्दांत आणली नाही.

साहित्याच्या शिक्षकाला उपमा हाती लागली की तो सोडत नाही. ही उपमा मात्र आम्हांला जपून वापरावीशी वाटते. साम्य आहे ते एवढेच, की यंत्रही खोटे बोलत नव्हते आणि आईही नाही. जी खबर त्यांच्यापर्यंत पोचली, तिला धरून दोघांनीही योग्य तेच केले. 'पाणी गार आहे' असे आई म्हणाली तेव्हा तिच्यापुरते ते गारच होते. चूक आणि असत्य यांतले हे अंतर आपण वर्गात निवेदकाविषयी बोलताना सहज सांगतो. घरातल्या माणसाच्या बाबतीत ते पाळणे अवघड जाते. 'तुला काही कळत नाही' हे वाक्य जिभेवर तयारच असते.

फरक मात्र मोठा आहे. यंत्राचा संवेदक हीटरच्या किमतीच्या पावपटीत आला आणि अर्ध्या तासात बसला. आईच्या बोटांना तसा सुटा भाग नाही. शिवाय यंत्राला अधिकार नसतो. आईला होता. पाणी कसे आहे हे या घरात पन्नास वर्षे तिने सांगितले आणि बाकीच्यांनी मुकाट्याने अंगावर घेतले. तिच्या हातातून विसणाचा तांब्या काढून घेणे म्हणजे तिला एका कामातून मोकळे करणे नव्हते. तिचा शब्द प्रमाण मानणे थांबवणे होते. हे कसे करावे याचा तक्ता कोणा कारागिराजवळ नसतो.

डॉक्टरांनी दोन उपाय सांगितले होते : पाणी दुसऱ्या कोणीतरी कोपराने पाहावे, किंवा तापमापक वापरून ३५ अंशांच्या पुढे जाऊ देऊ नये. आईने पहिला उपाय झिडकारला आणि दुसरा स्वीकारला. दुसऱ्याच्या कोपरावर विसंबण्यापेक्षा तिला काचेची नळी बरी वाटली. अडचण वेगळीच निघाली. "पस्तीस म्हणजे काय? कोमट की ऊन?" असे तिने विचारले. प्रश्न रास्त होता. आकड्याला स्वतःचा असा चटका नसतो. अँडर्स सेल्सियस यांनी १७४२ साली आपली मोजपट्टी मांडली, तेव्हा उकळणाऱ्या पाण्याला शून्य आणि गोठणाऱ्याला शंभर म्हटले होते. ती पुढे उलटी करण्यात आली, आणि पाणी होते तसेच राहिले. शब्दाला आकडा आणि आकड्याला शब्द जोडून द्यावा लागतो, तेव्हा कोठे ते माणसाच्या उपयोगाचे होतात.

त्या संध्याकाळी आम्ही दोघे बादलीपाशी बसलो. गार पाण्यात थोडे थोडे कढत पाणी घालत, तापमापक वाचत आणि हात बुडवत कोमट कोठे संपते व ऊन कोठे सुरू होते यावर बराच वाद घातला. आई मध्येच दुरुस्त्या सुचवत होती, कारण शब्दांचे तिचे माप अजून बिनचूक आहे. अखेर तिच्याच संमतीने न्हाणीघराच्या दारावर एक कागद लागला : २५ गार, ३५ कोमट, ४० ऊन, ५० कढत. ३५ च्या खाली तिने स्वतः पेनाने रेघ ओढली आहे. विसण अजून तीच घालते.