दोघांनाही सारखंच कमी

नातेपुत्यात आमचं रान नीरा उजव्या कालव्याखाली आहे. वीर धरणावरून निघालेलं पाणी फलटणचा भाग भिजवून आमच्याकडे येतं, आणि चारीच्या शेवटच्या दारापर्यंत जाता जाता त्याचा जोर संपतो. शेजपाळीत पाणी टेलकडून हेडकडे फिरवायचं, म्हणजे शेवटच्याला आधी, हा रिवाज त्यासाठीच. २००५ च्या कायद्यानंतर पाणी वापर संस्था आल्या, तसं चारीवरचं वाटप शेतकऱ्यांच्याच हातात आलं. भांडणंही आली.

उन्हाळी आवर्तनात काहीजण पाळी सोडतात. कुणाचं पीक निघालेलं असतं, कुणाच्या विहिरीला पाणी असतं. ते उरलेले तास कुणाला द्यायचे? संस्थेने ठरवलं, एकरी सगळ्यात कमी पाणी ज्याला मिळालं त्याला. हिशेब माझ्याकडे आला, कारण लॅपटॉप असणारा आणि पाळीच्या भांडणात कुणाच्याच बाजूचा नसणारा मीच होतो.

पायथनमध्ये नमपाय वापरणाऱ्याला हे एका ओळीचं काम वाटतं. मिनिटांचा एक अ‍ॅरे, क्षेत्राचा दुसरा, भागाकार करायचा आणि आर्गमिनला विचारायचं, सगळ्यात कमी कुठे? तो जागा सांगतो. दोघांचं सारखंच कमी असेल तर यादीत जो आधी आहे त्याची जागा सांगतो, आणि हे त्याच्या माहितीपुस्तकात स्पष्ट लिहिलेलं आहे. आता पाटकऱ्याची वही दार क्रमांक एकपासून, म्हणजे हेडकडून लिहिलेली. म्हणजे बरोबरी झाली की पाणी प्रत्येक वेळी वरच्याला, तेही कुणी तसं ठरवलेलं नसताना. बरोबरी क्वचित होईल असंही नाही. शेजपाळीत सगळ्यांना एकरी वेळ सारखाच धरतात, त्यामुळे एखाद्या रात्री पाणी बंद पडलं की ज्यांची पाळी बुडाली ते सगळे एकाच आकड्यावर येतात.

हे बैठकीत मांडलं तेव्हा जुने पाटकरी आबा म्हणाले, “पयला म्हंजी कोण रं? आमचं पयलं शेवटच्या दारापासनं सुरू हुतं.” एका वाक्यात त्यांनी दुसरी अट सांगून टाकली.

यादी उलटी करून काम भागलं असतं. पण उद्या कुणी ती नावांप्रमाणे लावली की न्याय बाराखडीच्या हातात. अट यादीच्या क्रमात लपवण्यापेक्षा हिशेबात उघड लिहिलेली बरी, असं माझं मत. त्यासाठी लेक्ससॉर्ट आहे. त्याला दोन निकष द्यायचे आणि यातला शेवटचा तो मुख्य मानतो, हे नवख्याला हमखास उलटं वाटतं. मी आधी उणे केलेला दार क्रमांक दिला आणि नंतर एकरी मिनिटं. कल्पना जुनीच आहे. केनेथ आयव्हर्सन यांच्या १९६२ च्या पुस्तकावरून ज्या एपीएल भाषेचं नाव पडलं, तिच्यात चढता क्रम लावणारं एक चिन्ह आहे. ते बरोबरीतल्यांचा मूळ क्रम मोडत नाही, म्हणून आधी गौण निकषाने आणि मग मुख्य निकषाने क्रम लावला की काम होतं.

खरी कटकट आकड्यांची निघाली. ०.१ आणि ०.२ मिळवले तर संगणकाला ०.३ पेक्षा किंचित जास्त दिसतं, म्हणजे आपल्या लेखी बरोबरीत असलेले दोघे त्याच्या लेखी बरोबरीत नसतात. मी एकरी पाणी पूर्ण मिनिटांत घेतलं. दारं धरणाऱ्याला मिनिटाखालचा फरक कळतही नाही.

रिकाम्या रकान्याचा प्रश्न त्याहून नाजूक. पाणी मागणीचा सात नंबरचा फॉर्म भरून ज्याला थेंब मिळाला नाही त्याचा शून्य. ज्याने फॉर्मच भरला नाही त्याचा रकाना कोरा. नमपायमध्ये कोऱ्याची खूण ‘नॅन’, आणि साधा आर्गमिन नॅन दिसला की त्यालाच किमान धरतो! म्हणजे ज्याने मागितलंच नाही त्याच्या रानात पाणी, आणि मागून कोरडा राहिलेला बसला वाट बघत. कोरे रकाने आधीच बाजूला काढले.

तरी एक जोडी उरलीच. दोन चुलतभाऊ, एकच दार, क्षेत्र सारखं, मिनिटं सारखी. तिसरी अट काय? कुणी म्हणालं वयाने मोठा, कुणी म्हणालं ज्याचा ऊस तो मागे. शेवटी चिठ्ठी ठरली. मुंबई महापालिकेच्या २०१७ च्या निवडणुकीत प्रभाग २२० मध्ये समान मतं पडली तेव्हाही नगरसेवक चिठ्ठीनेच ठरला होता, तिथे आमच्या चारीचं काय!

आता तिन्ही अटी क्रमाने संस्थेच्या फळ्यावर लिहिल्या आहेत: कमी पाणी, मग खालचं दार, मग चिठ्ठी. प्रोग्रॅममध्ये चिठ्ठीचीही सोय करून ठेवली आहे, पण तिच्यावर कुणाचा भरवसा नाही. ती सगळ्यांसमोर डब्यातूनच काढतात.